संदेशांची रांग आणि थिजलेला पडदा

संगणकावर काम करता करता खिडकी एकाएकी फिकट पडते, वर ‘प्रतिसाद देत नाही’ अशा अर्थाची अक्षरे उमटतात आणि आपला जीव टांगणीला लागतो. ज्यांच्या घरात संगणकाला हात लावणारी आमची पहिलीच पिढी, त्या आम्हां विद्यार्थ्यांना तर आपणच काही मोडले असे वाटते. खरा प्रकार काय असतो, हे विंडोज प्रणालीच्या आधारे पाहू.

कळ दाबली किंवा माउस हलवला की प्रणाली त्या घटनेचा एक छोटा संदेश तयार करते. कोणत्या खिडकीसाठी, कोणती घटना आणि केव्हा, एवढे त्यात नोंदलेले असते. हा संदेश रांगेत उभा राहतो. प्रोग्राम रांगेतून एकेक संदेश उचलतो, संबंधित खिडकीच्या स्वाधीन करतो आणि ते काम उरकल्यावरच पुढच्याला हात घालतो. रांग रिकामी असेल तर तो स्वस्थ थांबतो. ‘समाप्त’ हा संदेश येईपर्यंत हे रहाटगाडगे अखंड चालते.

सर्व संदेशांना मान मात्र सारखा नसतो. खिडकी पुन्हा रंगवण्याचा संदेश कळांच्या व माउसच्या संदेशांमागे ठेवला जातो. शिवाय अशा अनेक मागण्या एकातच मिसळतात, म्हणजे तेच चित्र दहा वेळा काढावे लागत नाही.

आता समजा, प्रोग्राम एखादी प्रचंड फाइल वाचण्यातच गुंतला. मागची सारी रांग खोळंबते. रंगवण्याचाही संदेश अडतो, म्हणून पडदा थिजतो. सुमारे ५ सेकंद प्रोग्रामने रांगेकडे पाहिले नाही, तर प्रणाली त्याला प्रतिसादहीन ठरवते. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये असा एक प्रोग्राम इतरांनाही अडवून धरी. १९९५ च्या विंडोज ९५ मध्ये ३२ बिटांच्या प्रोग्रामांना आपापली रांग मिळाली व हा त्रास पुष्कळ कमी झाला.

यावरून दोन गोष्टी ध्यानात याव्यात. खिडकी थिजली म्हणजे प्रोग्राम मेलाच असे नव्हे. घाईने तो बंद केल्यास न साठवलेले लेखन जाते, आणि पुनःपुन्हा क्लिक केल्याने रांगच वाढते. दुसरे असे की, लांबणारे काम वेगळ्या धाग्यावर सोपवून रांग वाहती ठेवणे हे प्रोग्राम लिहिणाराचे कर्तव्य आहे. तेव्हा पडदा थिजला म्हणून नवशिक्याच्या बोटांना दोष देण्यापूर्वी, रांगेच्या तोंडाशी कोण अडून बसले आहे, हे विचारणे न्यायाचे ठरेल.