जुना पासपोर्ट परत कर

माहीम, ता. पालघर
होळीनंतरचा तिसरा दिवस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू "हो आत्या, बघतो आत्या" म्हणतोस आणि वहिनीच्या गुडघ्यांची चौकशी करायला लागतोस. म्हणून लिहायला बसले.

परवा बोईसरची माई आली होती. तिची सून नुकतीच न्यू जर्सीहून आलीय. तिने सांगितलं म्हणे, तुझ्या भारतीय पासपोर्टाची मुदत संपत आलीय आणि तू तो नवा करून घेणार आहेस. अर्ज अर्धाअधिक भरूनही झालाय. अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेऊन तुला दोन वर्षं झाली, हे मात्र त्यात लिहायचं नाही असं तू ठरवलंयस. माईला त्याचं कौतुक. "पोर हुशार हो, दोन्हीकडचं राखून आहे." मी तिला चहा दिला, वाटेपर्यंत पोचवलं आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

खरं आहे का रे हे? अर्ज पाठवलास का?

नसेल पाठवला तर तो फाडून टाक. तुझ्या ऑफिसातल्या फिलिपिन्सच्या मित्राकडे दोन पासपोर्ट आहेत, असं तू दिवाळीत सांगत होतास. त्याच्या देशाने २००३ साली तसा कायदा केला. आपल्याकडे १९५५ चा नागरिकत्व कायदा आहे आणि त्याचं नववं कलम सरळ आहे. स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की इथलं त्याच क्षणी संपतं. कुणाला हुकूम काढावा लागत नाही. वहिनीने आळीत पेढे वाटले, त्याच्या आधीच तू इथला नागरिक राहिला नव्हतास. राहिलं होतं ते एवढंच, की वकिलातीकडे अर्ज करून जुना पासपोर्ट रद्द करून घ्यायचा आणि तसा दाखला घ्यायचा. ते तू केलं नाहीस. वर दिवाळीला त्याच पासपोर्टावर येऊन गेलास. त्याचा दंड भरावा लागेल, तो भर. पण राष्ट्रीयत्व लपवून नवा पासपोर्ट मागणं ही वेगळी गोष्ट आहे. पासपोर्ट कायद्यात त्याला कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद लिहिलीय, शिवाय दहा ते पन्नास हजार दंड. माई याला हुशारी म्हणते.

दादा असता तर त्याने तुला समोर बसवून हे सांगितलं असतं. दादाचं तुला ठाऊक आहे. ग्रामपंचायतीची घरपट्टी भरली तरी पावती तारखेप्रमाणे तारेत ओवून ठेवायचा. त्याच्या पोराने सरकारी कागदावर खोटं लिहावं?

आता लिहायला बसलेच आहे तर कराचंही बोलते. गेल्या महिन्यात वाडीच्या कामासाठी पालघरच्या सीएकडे गेले होते, तेव्हा तुझं सगळं विचारून घेतलं. दादा गेल्यावर वहिनीच्या ठेवींवर आपण तुझं नाव दुसरं घातलं. तू म्हणशील, पैसे आईचे. तिकडचा कायदा तसं मानत नाही. अमेरिकेबाहेरच्या, तुझं नाव असलेल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर तुला एफबार नावाचा कागद भरावा लागतो. मुदत १५ एप्रिल, ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. ग्रीन कार्ड होतं तेव्हाही हा नियम तुला लागू होताच. तू कधी भरलायस? कॉलेजात उघडलेलं तुझं बचत खातंही अजून साधंच आहे. तू तिकडे स्थायिक झालास तेव्हाच ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, व्हायला हवं होतं.

आणि वाडी. शेतीच्या उत्पन्नावर इथे आयकर नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण अमेरिका आपल्या नागरिकाला जगभरच्या कमाईचा हिशेब विचारते. सात-बाऱ्यावर दादाच्या जागी वहिनीबरोबर तुझं नाव लागलंय. नारळ, सुपारी आणि पानांच्या विक्रीतून तुझ्या हिश्श्याचे जे पैसे पडतात, ते तिकडच्या विवरणपत्रात दाखवायचे. ठेवीच्या व्याजावर इथे कर कापला गेला तर त्याची वजावट तिकडे मिळते. वाडीवर इथे काही भरलेलंच नसतं, मग वजावट कुठली?

कुणाला कळणार आहे, असं मनात आणू नकोस. २०१५ च्या जुलैमध्ये दोन्ही सरकारांचा करार झाला. तेव्हापासून अमेरिकी माणसांच्या खात्यांची माहिती इथल्या बँका कळवतात. सीएने मला एक खटलाही सांगितला. रोमानियात जन्मलेला बिटनर नावाचा माणूस अमेरिकेत जाऊन तिथला नागरिक झाला, पुढे मायदेशी परतून धंद्यात वर आला. हा कागद भरायचा असतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. २७२ खात्यांपोटी सरकारने त्याच्याकडे सत्तावीस लाख डॉलरच्या वर दंड मागितला. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वर्षाच्या कागदामागे एकदाच धरायचा म्हटलं, म्हणून पन्नास हजारांवर निभावलं. न कळता राहिलेल्या माणसाची ही गत. तू तर आता वाचलंयस. उशिरा का होईना, आपण होऊन भरणाऱ्याला तिकडे वाट ठेवलेली आहे असं सीए म्हणाला. तिकडच्या जाणकाराकडे जा, आणि जाताना सगळी खाती सांग, एकही मागे ठेवू नकोस. आरोग्य केंद्रात बत्तीस वर्षं मी दुखणं लपवणारे पेशंट पाहिलेत. औषध होतं रे त्यांच्यासाठी, आमच्याकडे कपाटात होतं.

खूप बोलले का?

तू गेलास, तिकडचा झालास, याचा मला राग आहे असं समजू नकोस. तुला एक गोष्ट ठाऊक नाही, वहिनीलाही अर्धीच ठाऊक आहे. नर्सिंग पूर्ण झालं त्या वर्षी मला कुवेतच्या इस्पितळातून बोलावणं आलं होतं. पासपोर्टही निघाला होता. तुझी आजी तेव्हा अंथरुणाला खिळलेली, दादाला तारापूरची नोकरी नुकतीच लागलेली. "तू गेलीस तर कसं?" एवढंच आप्पा म्हणाले. मी गेले नाही. त्या पासपोर्टाची मुदत एकही शिक्का न पडता संपली. आजीचं करायला मिळालं याचं समाधान आहे, तरी विमान वरून गेलं की अजून मान वर होते. म्हणून तू निघालास तेव्हा सगळी रडत होती आणि मी तुझ्या बॅगेला दोरी बांधत होते. तुझ्या जाण्याने माझं काहीतरी पुरं होत होतं.

आणि जाऊन वसणं आपल्याला नवं कुठे आहे? आपल्या लोकांची कुळं बिंबराजाबरोबर येऊन इथे राहिली असं महिकावतीची बखर सांगते. त्यांनीही मागे कुठलं तरी गाव सोडलंच असेल. तू शपथ घेतलीस ती बायकामुलांचा विचार करूनच घेतलीस. मग ती उजेडात ठेव. आपण इथले राहावं म्हणून तू त्या पुस्तिकेला धरून बसला आहेस, एवढं मला कळतं बाळा. पण तुला इथलं म्हणायला आम्हाला तिची गरज नाही.

तुझ्यासाठी ओसीआय कार्ड आहे. जन्मभर येता-जाता येतं, हवं तितकं राहता येतं. मत देता येत नाही, तेव्हा मतदार यादीतून नाव काढायला सात नंबरचा फॉर्म भर. गेल्या खेपेस यादी वाचणाऱ्याने तुझं नाव पुकारलं तेव्हा वहिनी किती खूश झाली होती. मी मात्र गप्प होते. नवी शेतजमीनही तुला घेता येणार नाही. हे मला वकिलाकडे कळलं, कारण माझा हिस्सा मी तुझ्या नावे बक्षीसपत्राने करायला गेले होते. ते म्हणाले, ओसीआय असलं तरी परदेशी नागरिकाला शेतजमीन बक्षीस देता येत नाही, वारशाने मात्र जाते. म्हणून मृत्युपत्र करतेय. विहिरीकडचा तुकडा आणि पानवेलींचा भाग तुझा. पण उद्या तू फेरफाराला उभा राहशील तेव्हा तुझे कागद एकमेकांशी जुळायला हवेत. तो अर्ज गेला आणि पकडला गेला, तर तुला कार्ड तरी कसं मिळेल? मग वाडीत यायलाही तुला व्हिसाची भीक मागावी लागेल. मला रात्री हेच दिसतं.

अर्ज पाठवला असशील तरी मला सांग. लपवू नकोस. मी ओरडणार नाही, आधी वकिलाला विचारू आणि मग काय ते करू. पैशांची अडचण असेल तर माझं पेन्शन आहे, एकटीला किती लागतं? वहिनीला यातलं अक्षर सांगितलेलं नाही.

छकुलीचंही कार्ड तुझ्याबरोबरच काढ. ती तिथे जन्मली म्हणून तिचा गुंता नाही, तुझ्या नात्याने तिला मिळेल. मे महिन्यात जमलं नाही तर दिवाळीला आणा, पण यंदा आणाच. तिच्या पायाचं माप कागदावर काढून त्याचा फोटो पाठव. पैंजण करायला टाकायचेत, आणि आमचा सोनार पावसाळ्याआधी काम घेतो.

तुझी,
आत्या