‘बदललाय’ आणि ‘बदलायचाय’

या हकिगतीतला सुपरवायझर मीच. पण त्या वेळचा तो सव्वीस वर्षांचा इंजिनिअर आज मला ‘तो’ असाच दिसतो, आणि त्याच्याबद्दल तसं बोललं की काही लपवावंसं वाटत नाही. म्हणून पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्यात तो नुकताच सुपरवायझर झाला होता. सीएनसी मशीनची लाईन, वाहनांचे सुटे भाग, तीन पाळ्या. त्याचं मशीनचं ज्ञान चांगलं होतं. ड्रॉइंग वाचण्यात आणि प्रोग्रॅम दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. बढती मिळाली तीही त्याच जोरावर. माणसांशी बोलणं हे वेगळं काम आहे आणि तेही शिकावं लागतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

एका रात्री पावणेबारा वाजता दुसरी पाळी संपत होती. कंपनीची बस गेटवर उभी होती. तीन नंबरच्या मशीनवर बोअर, म्हणजे भोक, काढणाऱ्या टूलचा इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजत आलेला त्याने पाहिला होता. रात्रपाळीला वेगळा सुपरवायझर नसे. लाईन एका जुन्या ऑपरेटरच्या भरवशावर चाले. सगळे त्यांना मामा म्हणत. चालता चालताच तो ओरडला, “मामा, तीन नंबरचा इन्सर्ट बदलायचाय. कळलं ना?”

“हो साहेब.”

कूलंटचा फवारा, हवेच्या गनचा आवाज, शेजारी प्रेस. त्या गोंगाटात मामांनी ऐकलं, ‘बदललाय’. म्हणजे काळजी मिटली. एक ‘चाय’ कानाआड झाला आणि रात्रभर मशीन झिजलेल्या इन्सर्टवर चाललं. इन्सर्ट झिजेल तसा बोअर लहान होत जातो. सकाळी क्वालिटीवाल्याने बोअर तपासायचं प्लग गेज घातलं, तर जी आत जायलाच हवी ती गो बाजूही आत जाईना. पूर्ण रात्रीचा माल अडवला गेला. माल न्यायला आलेली गाडी रिकामी उभी राहिली. रविवारची सुट्टी रद्द करून एकेक नग तपासावा लागला. काही पुन्हा मशीनवर चढवावे लागले, काही भंगारात गेले.

त्याने मामांना दोष दिला. सगळ्यांसमोर दिला. मामा काही बोलले नाहीत.

खरी गोष्ट त्याला रविवारी दुपारी कळली. नग तपासताना त्याच्या शेजारी एक हेल्पर बसला होता, कंत्राटी, एकोणीस-वीस वर्षांचा. हळू आवाजात तो म्हणाला, “साहेब, रात्री दोन वाजल्यापासूनच गेज घट्ट जात होतं.” मग बोलला का नाहीस? पोरगा खाली बघत राहिला. पंधरा दिवसांपूर्वी याच पोराने मशीनचा आवाज वेगळा येतोय म्हणून सांगितलं होतं, तेव्हा सुपरवायझर म्हणाला होता, “तुला कुणी विचारलं?” सुपरवायझर ते विसरलाही होता. पोरगा विसरला नव्हता. आणखी एक गोष्ट त्या वेळी लक्षात आली आणि ती जास्त लागली. चार महिने एका लाईनवर काम करूनही त्याला या पोराचं नाव माहीत नव्हतं. ‘ए, इकडे ये’ एवढ्यावर भागत होतं.

तिथून त्याने वाचायला सुरुवात केली, आणि आपल्या चुकीला मोठा इतिहास आहे हे त्याला दिसलं. 6 जुलै 1988. उत्तर समुद्रातला पायपर अल्फा हा तेल-वायूचा फलाट. दिवसपाळीत एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढली होती आणि उघड्या जागी तात्पुरती चकती बसवली होती. काम अर्धवट राहिलं. झडप जागेवर नाही, ही बातमी रात्रपाळीपर्यंत पोहोचलीच नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हाच पंप सुरू केला. गळती, स्फोट, आग. 167 माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालात 106 शिफारशी होत्या, आणि कामाचे परवाने व पाळी बदलताना द्यायची माहिती यांतल्या ढिलाईवर त्यात नेमकं बोट होतं. चाकणमध्ये रविवार गेला, तिथे जीव गेले. मुळाशी गोष्ट एकच होती: काय झालंय आणि काय व्हायचंय, यांत गल्लत.

पोरगा गप्प का बसला, याचं उत्तर त्याला एका विमान अपघातात सापडलं. 28 डिसेंबर 1978 रोजी अमेरिकेत पोर्टलँडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान चाकांच्या बिघाडामुळे तासभर घिरट्या घालत राहिलं. कॅप्टनचं सगळं लक्ष चाकांवर होतं. इंधन संपत आलंय हे सोबतच्यांना दिसत होतं, पण ते ठासून कोणी सांगितलं नाही. इंधन संपून विमान कोसळलं, दहा जण दगावले. त्यानंतर विमान कंपन्यांनी दोन्ही बाजूंना शिकवायला घेतलं: कॅप्टनने विचारायचं कसं आणि हाताखालच्याने सांगायचं कसं. धिटाई असो वा ऐकून घेणं, दोन्ही सरावाने येतं, हे तिथे मान्य झालं.

त्याच्या लाईनवर पहिला बदल झाला तो पाळी देण्याघेण्यात. बोलणं गेटकडे चालताना होणार नाही, मशीनसमोर उभं राहून होईल. फळ्यावर दोनच रकाने: ‘झालं’ आणि ‘व्हायचं’. ऐकण्यात चूक होऊ शकते, रकाना बदलत नाही.

दुसरा बदल कठीण होता. ‘कळलं ना?’ हा प्रश्न त्याने सोडला. त्या प्रश्नाला ‘हो’ याशिवाय दुसरं उत्तर नसतं. नाही म्हणणाऱ्याला आपण मठ्ठ ठरू अशी भीती असते. निरोप खरंच पोहोचला का हे तपासायची सोय आपल्या रेल्वेत फार जुनी आहे. स्टेशन मास्तर फाटकावरच्या गेटमनला निरोप देतो तेव्हा नुसत्या ‘हो’वर भागत नाही, निरोप पोहोचल्याची खूण म्हणून प्रायव्हेट नंबर दिला-घेतला जातो आणि वहीत लिहिला जातो. वैमानिकही नियंत्रण कक्षाची सूचना परत म्हणून दाखवतात. तेव्हापासून तो विचारू लागला, “मामा, मी नीट सांगितलं का बघू. आता सगळ्यात आधी काय करणार?” प्रश्नातली परीक्षा त्याने स्वतःकडे घेतली, त्यामुळे वयाने मोठ्या माणसालाही उत्तर देताना कमीपणा वाटेना.

तिसरा बदल नावांचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची यादी काढली. चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, हा त्यातला एक मुद्दा. दिल्लीतल्या एका रुग्णालयासह जगातल्या आठ ठिकाणी ही यादी वापरून पाहिली गेली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं. त्यात नावांचा वाटा किती हे वेगळं काढता येणार नाही. पण एकदा स्वतःचं नाव मोठ्याने उच्चारलेला माणूस पुढेही तोंड उघडतो, हे त्याने लाईनवर पाहिलं. पाळीच्या सुरुवातीला पाच मिनिटं उभ्याने बैठक, प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं, सुपरवायझरने सगळ्यांत शेवटी. आधी तो पहिला बोलायचा आणि बाकीचे त्याचीच री ओढायचे.

हे वाचणाऱ्या नव्या टीम लीडरना, मुकादमांना, शाखाधिकाऱ्यांना एक सांगायला हवं. फळा एका दिवसात लागतो, विश्वासाला महिने लागतात. त्याच्या लाईनवर पहिले तीन आठवडे कोणीच काही सांगितलं नाही. वाईट बातमी आल्यावर तुमच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य लोक टिपून ठेवतात. ते ‘बरं झालं सांगितलंत, चला बघू’ असंच असलं पाहिजे. चूक कुणाची हे नंतर, बाजूला घेऊन. आणि कधी आवाज चढलाच, तर ज्यांच्यासमोर चढला त्यांच्यासमोरच माफी मागा. मामांची माफी त्याने सकाळच्या बैठकीत मागितली. ते वाक्य तोंडातून काढायला त्याला चार दिवस लागले होते.

हाताखाली काम करणाऱ्यांसाठीही त्या लाईनवर एक साचा ठरला: काय दिसतंय, त्याने काय होईल, काय करूया. ‘साहेब, जरा गडबड वाटतेय’ असं म्हणून थांबलं की ते वाऱ्यावर जातं. ‘तीन नंबरला गेज घट्ट जातंय, माल लहान निघेल, दहा मिनिटं मशीन थांबवूया’ हे कानाआड करता येत नाही.

टोयोटाच्या लाईनवर प्रत्येक कामगाराच्या हाताशी एक दोरी असे. शंका आली की ती ओढायची. टीम लीडर धावत येई आणि अडचण सुटली नाही तर लाईन थांबे. चाकणच्या त्या लाईनवर दोरी नव्हती, लाल बटण होतं आणि ते दाबायची छाती कोणाची होत नव्हती.

एका रात्री त्याच हेल्परने ते दाबलं. गेज अडकतंय म्हणाला. वीस मिनिटं मशीन बंद राहिलं, इन्सर्ट तपासला, नग मोजले. सगळं बरोबर होतं. गेजवर चिपचा बारीक कण चिकटला होता. पोराचा चेहरा उतरला. सुपरवायझरने त्याला नावाने हाक मारली, सगळ्यांसमोर म्हणाला, “बरं केलंस,” आणि फळ्यावर ‘झालं’च्या रकान्यात लिहिलं: गेज पुसलं. ‘व्हायचं’च्या रकान्यात काय लिहायचं, ते पोरानेच सांगितलं: दर तासाला गेज पुसणं. खडू त्याच्याच हातात दिला.