घटक 7 : आपत्कालीन सूचना आणि परिसरातून सुरक्षित बाहेर पडणे

7.1 उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणास धोक्याच्या स्वरूपानुसार इमारत सोडावी की नाही याचा निर्णय करता येईल, आपल्या अभ्यासकेंद्रातील बाहेर पडण्याची व्यवस्था डोळसपणे तपासता येईल आणि आणीबाणीच्या प्रसंगी द्यावयाची तोंडी सूचना नेमक्या मराठीत लिहिता येईल.

7.2 प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, एसटीच्या बसमधील 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' ही पाटी आपण लहानपणापासून वाचत आला आहात. परंतु ते दार कोणत्या बाजूस उघडते, त्याची कडी वर ओढावयाची की खाली, हे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल? पाटी पाठ असणे आणि मार्ग ठाऊक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या घटकाचा विषय त्या दोहोंमधील अंतराचा आहे.

सूचनालेखनाचा सामान्य विचार आपण यापूर्वी केला आहे. कार्यालयीन सूचना वाचणाऱ्याला वेळ असतो. न समजल्यास तो पुन्हा वाचतो, शेजाऱ्याला विचारतो. आपत्काळातील सूचना ऐकणाऱ्याला ही सवलत नसते. म्हणून तिची भाषा वेगळी असते, आणि ती भाषा आधीच्या तयारीवर उभी असते. तयारी नसेल तर उत्तम शब्दही निरुपयोगी ठरतात.

मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यासाठी या विषयाला आणखी एक बाजू आहे. नियमित महाविद्यालयातील विद्यार्थी तीन वर्षे त्याच जिन्यावरून चढउतार करतो. आपण मात्र रविवारच्या संपर्क सत्रासाठी किंवा परीक्षेपुरते एखाद्या महाविद्यालयात जाता. मागील जिना कोठे आहे, शिपाई कोठे बसतो, मैदानाकडे जाणारे फाटक उघडे असते की बंद, यांपैकी काहीच आपणास ठाऊक नसते. त्यात सुट्टीच्या दिवशी इमारतीचे नेहमीचे कर्मचारी कमी असतात. त्या इमारतीत आपण पाहुणे असता, आणि संकट पाहुण्याला वगळत नाही.

7.3 विषय-विवेचन

7.3.1 बाहेर पडावयाचे की थांबावयाचे?

संकट म्हटले की धावत बाहेर जाणे, अशी आपली समजूत असते. ती प्रत्येक वेळी बरोबर नसते. आग लागल्यास इमारत सोडावयाची, आणि तीही ताबडतोब. भूकंपात मात्र जमीन हलत असताना जिन्याकडे धावणे धोक्याचे ठरते. तेव्हा खाली बसून बळकट टेबलाखाली किंवा बाकाखाली डोके झाकावयाचे, आधार घट्ट धरावयाचा आणि हादरे थांबल्यावर बाहेर पडावयाचे. प्रयोगशाळेतून किंवा शेजारच्या कारखान्यातून वायुगळती झाल्यास वारा कोणत्या दिशेने वाहतो ते पाहून त्याच्या आडव्या दिशेने दूर जावयाचे. पुराच्या वेळी तळमजल्यावरून वर जाणे हेच काही वेळा सुटकेचे साधन असते. सूचना देणाऱ्याने म्हणूनच आधी धोक्याचे नाव मनाशी निश्चित केले पाहिजे. सर्व संकटांना एकच घंटा असेल, तर ऐकणाऱ्याने नेमके काय करावे?

7.3.2 पाण्याची भाषा : नाशिकचे उदाहरण

विद्यापीठाचे मुख्यालय 'ज्ञानगंगोत्री' हे नाशिकजवळ, गंगापूर धरणानजीक आहे. या धरणातून पाणी सोडण्यापूर्वी प्रशासन किती क्यूसेक विसर्ग होणार हे जाहीर करते. एक क्यूसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर पाणी. अभियंत्याला हा आकडा पुरेसा आहे. पण गोदाकाठच्या दुकानदाराला त्यावरून आपल्या ओट्यावर पाणी येईल की नाही हे कसे कळावे?

नाशिककरांनी त्यासाठी आपले स्वतःचे माप जपले आहे. रामकुंड परिसरात नदीपात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती हे ते माप होय. पाणी मारुतीच्या पायाशी आहे, कमरेपर्यंत आले, गळ्याशी लागले, हे शब्द कानी पडताच काठावरचा माणूस आपला माल कधी हलवावयाचा ते ठरवितो. 2 ऑगस्ट 2016 रोजीच्या पुरात आणि पुन्हा ऑगस्ट 2019 मध्ये ही मूर्ती पाण्याखाली गेली, तेव्हा 'मारुती बुडाला' एवढ्या दोन शब्दांत गावाला परिस्थिती कळली.

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासकाने हे उदाहरण लक्षात ठेवावे. चांगली सूचना ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या खुणेला धरून बोलते. 'ईशान्य बाजूच्या निर्गमन द्वाराने' असे म्हणण्यापेक्षा 'सायकल स्टँडच्या दाराने' असे म्हणणे केव्हाही श्रेयस्कर. मात्र सायकल स्टँड कोठे आहे हे पाहुण्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असले पाहिजे. म्हणून सत्राच्या पहिल्या दिवशी ती खूण दाखवून देणे हा योजनेचा भाग ठरतो.

गर्दीच्या बाबतीतही नाशिकने किंमत मोजली आहे. 27 ऑगस्ट 2003 रोजी कुंभमेळ्यातील चेंगराचेंगरीत 39 भाविकांचा मृत्यू झाला. रामकुंडाकडे जाणाऱ्या चिंचोळ्या वाटेवर लोकांचा लोंढा अडला होता. मागच्या माणसाला पुढे काय झाले ते दिसत नाही, तो पुढे सरकत राहतो आणि सर्व दाब पुढच्यावर येतो. परीक्षा संपल्यावर एकाच जिन्यावर उतरणारे पाचशे विद्यार्थी ही याच चित्राची लहान प्रत आहे.

7.3.3 दार, जिना आणि कुलूप

आगीच्या बाबतीत एक अनुभव जगभर पुन्हा पुन्हा आला आहे : संकटात माणूस ज्या दाराने आत आला त्याच दाराकडे वळतो. जवळ दुसरे दार असले तरी ते त्याच्या मनात नसते. 24 मे 2019 रोजी सुरत येथील तक्षशिला संकुलात शिकवणी वर्गाला आग लागली. वरच्या मजल्यावरील वर्गाकडे जाणारा लाकडी जिनाच आगीने घेरला गेला. मुलांनी खिडक्यांतून उड्या घेतल्या आणि 22 विद्यार्थी मृत्युमुखी पडले. तेथे दुसरी वाट नव्हती. 21 जून 2012 रोजी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांपर्यंत पोहोचली आणि 5 जणांचा बळी गेला. राज्याचा कारभार जेथून चालतो त्या इमारतीची ही गोष्ट आहे.

अशा प्रसंगी ज्वालेपेक्षा धूर अधिक माणसे मारतो. धूर वर चढतो, म्हणून श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत उरते. वाकून किंवा रांगत जाण्याचे कारण हेच. बंद दार उघडण्यापूर्वी त्यास हाताची मागील बाजू लावून पाहावी. दार तापलेले असेल तर पलीकडे आग आहे असे समजून दुसरी वाट घ्यावी. बाहेर पडताना आपल्यामागे दार ओढून घ्यावे, कुलूप मात्र लावू नये. लिफ्ट वापरू नये, कारण वीज गेल्यास ती मजल्यांमध्ये अडकते आणि तिचा उभा बोगदा धुराची चिमणी होतो.

आता परीक्षेच्या दिवसाकडे येऊ. गैरप्रकार होऊ नयेत म्हणून परीक्षा केंद्रे एकच फाटक उघडे ठेवतात आणि मागील जिन्याला कुलूप घालतात. हेतू समजण्यासारखा आहे; परंतु या कुलपाचा विचार बाहेरून आत येणाऱ्याच्या बाजूने केलेला असतो, आतून बाहेर पडणाऱ्याच्या बाजूने नव्हे. जिन्यावर पहारा हवा असेल तर तेथे माणूस बसवावा. कुलूप लावणे अटळच असेल, तर किल्ली त्याच मजल्यावरील पर्यवेक्षकाच्या खिशात असावी, कार्यालयाच्या कपाटात नव्हे. प्रस्तुत लेखकाच्या मते या एका मुद्द्यावर कोणतीही तडजोड मान्य होऊ नये.

उत्तरपत्रिकेचा प्रश्नही आधीच सुटलेला असावा. वर्षभर नोकरी-संसार सांभाळून परीक्षेस बसलेली व्यक्ती अर्धवट लिहिलेली उत्तरपत्रिका सोडून सहज उठत नाही. घंटा वाजूनही ती पर्यवेक्षकाकडे पाहत राहते, आणि पर्यवेक्षक केंद्रप्रमुखांच्या आदेशाची वाट पाहतात. ही मिनिटे वाचवावयाची असतील तर पेपर सुरू होण्यापूर्वीच एक वाक्य उच्चारले गेले पाहिजे : 'धोक्याची घंटा वाजल्यास उत्तरपत्रिका बाकावर ठेवून बाहेर पडा, पुढील निर्णय बाहेर सांगण्यात येईल.' खोली सोडण्याचा अधिकार त्या खोलीतील पर्यवेक्षकाला असावा, त्यासाठी वरिष्ठांचा निरोप लागू नये.

जे स्वतः जिना उतरू शकत नाहीत त्यांचे काय? दिव्यांग विद्यार्थी, गरोदर महिला, वयोवृद्ध सहाध्यायी आपल्या वर्गांत असतातच. त्यांची आसने शक्यतो तळमजल्यावर असावीत आणि प्रत्येकासाठी दोन सोबती आधी ठरलेले असावेत. दृष्टिहीन व्यक्तीला ओढू नये. तिला आपला दंड धरू द्यावा आणि पायरी येताच तोंडाने सांगावे.

कायद्याचे पाठबळही आपणास आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 अन्वये इमारतीच्या मालकाने अथवा भोगवटादाराने आग प्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचे 'ब' नमुन्यातील प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सादर करावयाचे असते. आपल्या केंद्राचे शेवटचे प्रमाणपत्र कोणत्या महिन्याचे आहे, हे विचारण्यास संकोच वाटू देऊ नये.

7.3.4 सूचनेची शब्दयोजना

13 जून 1997 रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातील आगीत 59 प्रेक्षक मरण पावले. प्रेक्षकांना सावध करणारी घोषणा झाली नाही, हा तेथील गंभीर दोषांपैकी एक होता. 'सांगितले तर घबराट होईल' या समजुतीने माहिती दडविली जाते. प्रत्यक्षात घबराट बहुधा उशिरा कळल्याने आणि वाट बंद असल्याने होते. स्पष्ट शब्दांत वेळेवर सांगितले तर बहुसंख्य माणसे शहाणपणाने वागतात, एकमेकांना मदतही करतात.

पुढील दोन सूचना मोठ्याने वाचा.

(अ) 'सर्व संबंधितांना सूचित करण्यात येते की, काही अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव इमारत रिक्त करण्याचे योजिले असून विद्यार्थ्यांनी शांततेने निर्गमन करून सहकार्य करावे.'

(आ) 'लक्ष द्या. दुसऱ्या मजल्यावर आग आहे. सर्वांनी आता बाहेर पडा. सायकल स्टँडकडच्या जिन्याने उतरा. लिफ्ट वापरू नका. मैदानात जमा.'

पहिल्या सूचनेत व्याकरणाची चूक नाही. तरीही ती सदोष आहे. क्रियापद सर्वांत शेवटी येते, तोवर ऐकणाऱ्याचे लक्ष उडते. 'तांत्रिक कारण' हे शब्द धोका लपवितात. कर्मणी रचनेमुळे कोणी काय करावयाचे ते धूसर होते. दुसऱ्या सूचनेत एका वाक्यात एकच कृती आहे, क्रियापदे आज्ञार्थी आहेत आणि क्रम प्रत्यक्ष हालचालींचा आहे. येथे 'कृपया' नसणे हा उद्धटपणा नव्हे. सूचना किमान तीनदा, तेच शब्द ठेवून उच्चारावी. शब्द बदलले की नवी बातमी आली असे वाटते.

नाशिक जिल्ह्यात आपल्या शेजारच्या बाकावर बागलाणातील अहिराणी बोलणारा, सुरगाण्यातील कोकणा बोलणारा किंवा मालेगावातील उर्दू बोलणारा विद्यार्थी असू शकतो. 'निर्गमन' हा शब्द या सर्वांना अडेल. 'बाहेर' कोणालाही अडणार नाही.

7.3.5 बाहेर पडल्यानंतर

जमण्याची जागा इमारतीपासून दूर आणि अग्निशमन दलाच्या गाडीची वाट न अडविणारी असावी. तेथे पोहोचताच हजेरी घ्यावयाची. परीक्षेच्या दिवशी बैठक व्यवस्थेची यादी आयती हाती असते. संपर्क सत्रात हजेरीपत्रक बाहेर नेण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर नावानिशी सोपवावी. हजेरी नसेल तर आत कोणी राहिले आहे काय हे जवानांना सांगता येत नाही आणि ते विनाकारण जीव धोक्यात घालतात. मदतीसाठी 112 अथवा 101 वर फोन करताना आधी ठिकाण सांगावे, मग घटना. फोन मध्येच तुटला तरी गाडी निघू शकते.

ठरलेली जागा मात्र डोळे मिटून सुरक्षित मानू नये. 11 मार्च 2011 च्या जपानमधील भूकंपानंतर ओकावा प्राथमिक शाळेतील मुले सुमारे 50 मिनिटे मैदानात थांबविली गेली. शाळेमागे टेकडी असूनही निर्णय लांबला आणि त्सुनामीत 74 मुले व 10 शिक्षक गेले. त्याच दिवशी कामाइशी शहरातील विद्यार्थी ठरलेल्या जागी पोहोचले, तेथील उतार ढासळताना पाहून आणखी वर गेले, आणि मोठ्या मुलांनी लहानांचे हात धरले होते. त्या शहरातील जवळपास 3,000 शाळकरी मुले वाचली. दोन्हीकडे योजना होती. कामाइशीच्या मुलांनी सराव केला होता, आणि सरावातच त्यांना योजनेपलीकडे पाहण्यास शिकविले होते.

स्वयं-अध्ययन प्रश्न

1. भूकंप आणि आग या प्रसंगी पहिली कृती वेगळी का असते?
2. सूचना (अ) मधील कोणते शब्द धोका लपवितात? तिची क्रियापदे शोधा.

7.4 उपक्रम

पुढील संपर्क सत्रास अर्धा तास आधी जा. आपल्या वर्गापासून मैदानापर्यंत दोन वेगवेगळ्या वाटांनी चालून पाहा आणि किती मिनिटे लागली ते टिपा. वाटेत कुलूप आढळल्यास किल्ली कोणाकडे आहे ते विचारा. त्यानंतर त्याच इमारतीसाठी आगीच्या प्रसंगी द्यावयाची सूचना 30 शब्दांत लिहा, ती वर्गात मोठ्याने वाचा आणि प्रथमच त्या इमारतीत आलेल्या एखाद्या सहाध्यायास तिच्या आधारे एकट्याने मैदानापर्यंत जाण्यास सांगा. तो जेथे अडखळेल तेथील शब्द बदला.