सागाला पान फुटलं की नेट जातं

मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्यानंतर गडचिरोली जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभा आपला बांबू, आपला तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. लिलावाची कागदपत्रं, तेंदूपत्ता गोळा होतो त्या फडावरच्या पुड्यांचा हिशेब, मजुरांच्या बँक खात्यांच्या याद्या, सगळं काम लहान लहान कार्यालयांत येऊन पडलं. धानोरा तालुक्यातल्या अशाच एका कार्यालयात मी हिशेब सांभाळते. यादी चढवता चढवता नेट तुटलं की कुणाची तरी मजुरी अडते. घरात लग्न असतं, बियाणं घ्यायचं असतं, आणि पैसे खात्यात आलेले नसतात. म्हणून हे लिहायला घेतलं.

आमच्या छतावर एक छोटी डिश आहे. जंगलापलीकडच्या टॉवरवरून ती नेट पकडते, तिथून वायर खाली रूटरला येते आणि रूटरपासून पुढे वाय-फाय. हंगामात नेट रांगायला लागलं की कंपनीचा माणूस यायचा, रूटरपाशी स्पीड मोजायचा आणि म्हणायचा, ‘मॅडम, आमच्याकडून तर बरोबर आहे.’ आमची मंडळी म्हणायची, कंपनीच भिकार. या भांडणात कितीतरी दिवस गेले, कारण दोघंही वेगवेगळ्या तुकड्याबद्दल बोलत होते.

तेव्हा पहिलं काम हे करा. लॅपटॉप सरळ वायरने रूटरला जोडा आणि तेच काम करून पाहा. वायरवर पळतंय आणि वाय-फायवर रांगतंय, तर दोष तुमच्या भिंतींच्या आत आहे. वायरवरही रांगत असेल तर दोष बहुधा बाहेरचा. आणखी खात्री हवी असेल तर वाय-फायवरून रूटरच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहा. बहुधा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. हे उत्तर एक-दोन, फार तर पाच-दहा मिलिसेकंदांत यायला हवं. तिथेच शंभर-दोनशे लागत असतील किंवा उत्तरं गळत असतील, तर कंपनीला फोन करून उपयोग नाही. नवीन काही विकत घेण्याआधी एवढं तपासाच. आमच्याकडे आधी रिपीटर आणला गेला आणि त्रास वाढला. साधा रिपीटर तोच निरोप त्याच चॅनेलवर दोनदा बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो.

आतल्या दोषांची मुळं साधी निघाली. वायर जिथून आत आली तिथेच रूटर ठेवलेला होता, कोपऱ्यात, लोखंडी कपाटामागे. लोखंडातून वाय-फाय जात नाही. रूटर मधल्या खोलीत, माणसाच्या डोक्याच्या वर, उघड्यावर आणला आणि लेखा विभागाच्या संगणकांना वायर टाकली. जे यंत्र जागचं हलत नाही त्याला वायरच द्यावी, असं माझं ठाम मत झालं आहे. साध्या नेटवर्क केबलला १०० मीटरपर्यंत अडचण नसते. आसपास बँक, सेवा केंद्र, मोबाइलचं दुकान असेल तर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी असते. तिथे १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळा चॅनेल निवडा, कारण एकमेकांवर न चढणारे तेवढेच आहेत. एकाच खोलीतल्या यंत्रांना ५ गिगाहर्ट्झ द्या. तो पट्टा भिंतीपलीकडे लवकर दमतो, पण जवळ चांगला चालतो. छतावरची डिशही ५ गिगाहर्ट्झवर असेल, तर दोघांचे चॅनेल एकमेकांपासून दूर ठेवायला सांगा.

संध्याकाळचा खोळंबा मात्र बरेच दिवस उलगडत नव्हता. फडावर हिशेब ठेवणारे फडमुन्शी कार्यालयात आले की त्यांचे फोन वाय-फायला जोडले जायचे आणि दिवसभरात काढलेले पुड्यांचे, रजिस्टरचे फोटो आपोआप वर चढू लागायचे. आमच्या जोडणीत वर जाण्याची वाट अरुंद आहे. ती भरली की खाली येणारंही थांबतं, कारण प्रत्येक पानाची मागणी आधी वर जावी लागते. पाहुण्या फोनांसाठी वेगळं नाव, वेगळा पासवर्ड आणि वेगाला मर्यादा, एवढ्यावर तो प्रश्न संपला.

दुपारचा प्रश्न उन्हाचा होता. घरगुती रूटरच्या माहितीपत्रकात बहुधा ० ते ४० अंश असं लिहिलेलं असतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मे महिन्यात सावलीतच पारा ४५ गाठतो, आणि टिनाच्या छताखाली, कपाटाच्या डोक्यावर काय होत असेल ते सांगायला नको. रूटर अडखळतो, स्वतःच बंद होऊन पुन्हा चालू होतो. त्याला छतापासून दूर, हवेशीर जागी ठेवा, वर फाइलींचा गठ्ठा ठेवू नका. व्होल्टेज कमी-जास्त होत असेल तर रूटरला आणि डिशच्या अडॅप्टरला छोटा यूपीएस लावा.

आता बाहेरचा तुकडा. आपल्या जंगलाच्या जिल्ह्यांत खरा घात इथे होतो. आमची डिश एप्रिलमध्ये बसवली होती. तेव्हा साग निष्पर्ण असतो, मोहाची नवी पालवी कोवळी असते, टॉवर इथून तिथे स्वच्छ दिसतो. वेग उत्तम आला, सही झाली, वर्षाचे पैसे आगाऊ गेले. जून सरता सरता सागाला पंख्याएवढी पानं आली, ती पावसाने भिजली आणि लिंक कोसळली. डिशच्या लहरी ओल्या पानांत शोषल्या जातात. कंपनीने पावसाला दोष दिला. पण एवढ्या अंतरावर ५ गिगाहर्ट्झच्या लहरी नुसत्या पावसाने अशा मरत नाहीत. कोरड्या दिवशीही लिंक तशीच पडलेली होती.

टॉवर डोळ्यांना दिसणं पुरेसं नसतं. लहरींना दोन टोकांमध्ये पखवाजासारखी मधे फुगलेली जागा मोकळी लागते. अंतर ३ किलोमीटर असेल, तर मध्यावर या फुगवट्याची त्रिज्या सुमारे ६ मीटर भरते आणि तिचा निदान ६० टक्के भाग रिकामा हवा. म्हणजे सरळ रेषेच्या खाली साडेतीन-चार मीटरपर्यंत झाडाचा शेंडा येता कामा नये, आणि झाड दरवर्षी वाढतं हेही धरायला हवं. साग तोडा असं सुचवणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. परवानगीचा प्रश्न आहेच, शिवाय ज्या जंगलाच्या हक्कासाठी ग्रामसभा उभी राहिली ते नेटसाठी छाटायचं नाही. खांब उंच करा. उंच खांबाला पक्कं अर्थिंग हवं, कारण आपल्याकडे पहिल्या पावसाआधीची वीज भयंकर असते. वादळ दिसलं की डिशची वायर रूटरपासून काढून ठेवा.

गावात फायबर आलं असेल तर तेच घ्या. पानांचा आणि पावसाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. त्याचे शत्रू रस्त्याचं खोदकाम आणि जेसीबी. जोडीला एका मोबाइल कंपनीचं सिम डोंगलमध्ये तयार ठेवा, नाहीतर नेमकी पगाराची यादी चढवायच्या दिवशी वायर तुटते.

डिशच घ्यावी लागणार असेल, तर करार करताना दोन गोष्टी लेखी मागा: पाहणी कोणत्या महिन्यात झाली, आणि सिग्नलचं रीडिंग किती आलं. रीडिंग उणे ६० डीबीएमच्या आसपास असेल तर बरं, उणे ८० कडे झुकत असेल तर नको. उन्हाळ्यात जोडणी घेणाऱ्या ग्रामसभांना आणि संस्थांना माझी विनंती आहे, की वर्षाचे पैसे एकदम देऊ नका. ऑगस्टपर्यंत महिन्याच्या हिशेबाने द्या, तेव्हा सागाला भरगच्च पानं असताना पुन्हा रीडिंग घ्या, आणि ते पाहूनच पुढचा करार करा.