बचतीचा पाठ : दिवाळीच्या सुट्टीत मुंबई, पण कर्ज न काढता



मागच्या अंकात आपण कर्ज मागणी अर्ज कसा भरायचा ते बघितलं. या वेळचा पाठ जरा वेगळा आहे. जून महिन्यात बैठकांना फिरताना बऱ्याच जणींकडून ऐकलं, "पोरं मुंबई दाखवा म्हणून मागं लागलीत. दिवाळीला गटातून काहीतरी उचलावं लागंल." म्हणून हा विषय घेतला. दिवाळी अजून साधारण २० आठवडे लांब आहे. तेवढा वेळ पुरतो.

आधी कर्जाचा हिशोब बघू

समजा, सहलीसाठी गटातून ८,००० रुपये घेतले. व्याज महिना २ टक्के, हप्ते ८, दर महिन्याला मुद्दल १,०००. पहिल्या महिन्यात व्याज १६०, मग १४०, मग १२०, असं उतरत शेवटी २०. बेरीज केली तर ७२० रुपये. सहल दोन दिवसांत संपते, हप्ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालतात.

कुणी म्हणेल, "व्याज तर आपल्याच गटात राहतं." बरोबर आहे. पण दिवाळीच्या आगंमागंच ज्वारीची पेरणी असते, खत-बियाणं लागतं, कुणाच्या घरी दवाखाना निघतो. त्या वेळी गटाचा पैसा फिरायला गेलेला असेल, तर गरज असलेल्या बाईनं काय करायचं? ती सावकाराच्या किंवा फायनान्सवाल्याच्या दारात जाणार. म्हणून अंतर्गत कर्ज अडचणीला आणि धंद्याला, सहलीला बचत.

आता सहलीचा हिशोब

एक घर धरू : ताई, दाजी, १३ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा. खालचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमचे खरे आकडे स्टेशनवर आणि डेपोत विचारून लिहा.

- रेल्वे, जाऊन-येऊन : २,१००
- गाव ते कुर्डुवाडी, जाऊन-येऊन : ३००
- मुंबईत लोकल, बस, टॅक्सी : ६००
- एक रात्र मुक्काम : १,५००
- दोन दिवसांचं जेवण-चहा : १,६००
- बघायची तिकिटं : ५००
- मुलांची खरेदी : ५००
- अडीनडीला : ९००

एकूण ८,०००. भागिले २० आठवडे, म्हणजे घराला आठवड्याला ४०० रुपये. जास्त वाटतात? मग मुक्काम काढून टाका. रात्री गाडीत बसा, दिवसभर मुंबई बघा, रात्रीच्या गाडीनं परत या. मुक्काम गेला, जेवण निम्मं झालं, बाकी खर्चालाही थोडी कात्री लावली, तर हाच हिशोब ५,००० च्या आसपास येतो. आठवड्याला २५०.

हे पैसे एकट्या ताईनं साठवायचे नाहीत. सहल घराची आहे, तर वाटा घराचा. दुधाच्या पगारातून किती, दाजींच्या मजुरीतून किती, हे पहिल्याच आठवड्यात ठरवा.

ठेवायचे कुठं? स्वतःच्या बचत खात्यात. गटात ऐच्छिक बचत म्हणून ठेवायचे असतील तर आधी ठराव घ्या आणि रजिस्टरला वेगळा रकाना करा. नियमित बचतीत मिसळू नका. पोस्टाची आवर्ती ठेव ५ वर्षांची असते, ती या कामाची नाही.

गाडी आणि तिकीट

आपल्याला सोयीची सोलापूर-मुंबई सिद्धेश्वर एक्स्प्रेस. रात्री सुटते, कुर्डुवाडीला थांबते आणि सकाळी मुंबईत पोचवते. येतानाही रात्रीच. म्हणजे दोन रात्री गाडीतच निघतात.

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं. भाऊबीजेनंतर मुंबईकर परत जातात, तेव्हा गाड्या भरलेल्या असतात. म्हणून तारीख ठरवा, ६० दिवस मागं मोजा आणि त्या दिवशी सकाळीच खिडकीवर जा. तोपर्यंत तिकिटापुरते पैसे जमलेले पाहिजेत. ५ वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. ५ ते १२ वर्षांच्या मुलाचं बर्थ न घेता अर्धं तिकीट निघतं, बर्थ घेतला तर पूर्ण पडतं. तिकीट वेटिंगवर राहिलं तर आरक्षित डब्यात चढू नका.

एसटीनं जाणार असाल तर १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्या सासूबाईंना प्रवास मोफत आहे. आधार कार्ड जवळ ठेवा.

दोन दिवसांत काय बघायचं

सगळी मुंबई बघायला गेलं की काहीच धड बघून होत नाही. दिवसाला दोन-तीन ठिकाणं पुरे.

*पहिला दिवस.* गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरवते. हे स्टेशनच बघण्यासारखं आहे. १८८७ ची इमारत, २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत. बाहेर येऊन समोरून तिच्याकडं बघा. तिथून बेस्टच्या बसनं गेटवे ऑफ इंडिया. ते १९२४ साली खुलं झालं. बघायला पैसे पडत नाहीत. तिथून घारापुरीच्या लेण्यांना लाँच जाते, साधारण तासाभराचा प्रवास. पण वर चढायला पुष्कळ पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून जावं. घारापुरी सोमवारी बंद असते. संध्याकाळी मरीन ड्राइव्ह आणि गिरगाव चौपाटी. समुद्रही फुकट.

*दुसरा दिवस.* सकाळी लोकलनं भायखळा, राणीची बाग. वाघ, पेंग्विन सगळं आहे. आई-वडील आणि दोन मुलं यांचं एकत्र तिकीट मिळतं का, ते खिडकीवर विचारा. राणीची बाग बुधवारी बंद असते. दुपारी दादरला उतरून सिद्धिविनायक. मंगळवार सोडून गेलात तर रांग कमी. संध्याकाळी परत टर्मिनसला.

हा क्रम मुद्दाम असा लावलाय. सकाळी सगळी मुंबई टर्मिनसकडं येते आणि संध्याकाळी तिथून बाहेर जाते. आपण उलट्या दिशेनं जातो, म्हणून लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळते.

हरवणं, चोरी, फसवणूक

- मुलांच्या खिशात नाव, गाव आणि दोन मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.
- लोकलमध्ये कुणी मागं राहिलं, तर चढलेल्यांनी पुढच्या स्टेशनला उतरून तिथंच थांबायचं. मागं राहिलेल्यानं पुढच्या लोकलनं यायचं. हा नियम घरीच मुलांकडून पाठ करून घ्या.
- पैसे दोघांकडं विभागून ठेवा.
- मोबाईलवर सापडलेल्या नंबरवर लॉजचा अॅडव्हान्स पाठवू नका. ओळखीतून चौकशी करा, खोली बघून पैसे द्या.
- रेल्वेची मदत १३९, मुलांसाठी १०९८, कुठल्याही संकटात ११२.

सहलीत ताई कुठं आहे?

आता पाठातला महत्त्वाचा भाग. एका बैठकीत मी विचारलं, मुंबईत तुम्हाला काय बघायचंय? सगळ्या म्हणाल्या, "पोरांना प्राणी, मालकांना गेटवे." मी म्हणलं, "आणि तुम्हाला?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक मावशी म्हणाल्या, "मला नुसतं समुद्राच्या काठाला बसायचंय. कुणी ऊठ म्हणू नये." दुसरी म्हणाली, तिला विमान उडताना बघायचंय.

आठवड्याला पन्नास-शंभर बाजूला काढणारी बाई सहलीत पिशव्या सांभाळते, डबे उघडते, पोरांना मुतारीला नेते. फोटोतही नसते, कारण फोटो तीच काढते. म्हणून सहलीच्या कागदावर प्रत्येकाच्या नावापुढं एक ठिकाण लिहा, आपल्याही. पिशवी कोण धरणार, मुलांना आळीपाळीनं कोण बघणार, तेही लिहा. पहिल्या दिवसाला घरच्या दशम्या, धपाटे, शेंगाचटणी न्या, पैसे वाचतात. पण निघायच्या आदल्या रात्री बारापर्यंत एकटीनं थापू नका, घरातल्यांना हाताशी घ्या.

राहिली जनावरं. "धारा कोण काढणार?" यावरच बहुतेक सहली मोडतात. शेतात आपण सावड करतो, तशीच इथं करा. गटातल्या दोन घरांनी वेगवेगळ्या तारखा धरायच्या. एक घर मुंबईत असताना दुसऱ्यानं गोठा बघायचा, मग उलट.

पुढच्या बैठकीचा अभ्यास

१. प्रत्येकीनं घरच्यांबरोबर बसून वरच्यासारखा खर्चाचा कागद करा.
२. एकूण भागिले २० करा आणि आठवड्याचा आकडा लिहा. झेपत नसेल तर एक दिवसाची सहल करा, नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्टीवर न्या. आठवडे वाढले की आकडा उतरतो.
३. सावडीची जोडी ठरवा.
४. स्वतःला काय बघायचंय ते एका ओळीत लिहून आणा.

चौथी ओळ रिकामी ठेवून येऊ नका. बैठकीत मी सगळ्यात आधी तीच वाचायला लावणार आहे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक