सपाट भिंगात दोन रंगांची गाठ

सूक्ष्मदर्शकातून दोन ठिपके वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात निदान निम्म्या तरंगलांबीइतके अंतर हवे, असे अर्न्स्ट ॲबे यांनी १८७३ साली दाखविले. हे अंतर सुमारे २०० नॅनोमीटर भरते. यातून १९९४ मध्ये श्टेफान हेल यांनी वाट सुचविली. एका रंगाच्या प्रकाशाने पेशीतील रंगद्रव्य चमकवायचे आणि अधिक तरंगलांबीच्या, बांगडीच्या आकाराच्या दुसऱ्या झोताने त्या ठिपक्याची कड विझवायची. मधला इवलासा ठिपका तेवढा उरतो. (२०१४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे हेल एक मानकरी होते.) मात्र ठिपका आणि बांगडी यांचे मध्य नेमके जुळले पाहिजेत, बांगडी सरकली की नको तोच भाग विझतो.

हे काम एकाच सपाट भिंगाकडून करून घेता येईल काय? असे भिंग म्हणजे समकेंद्री वर्तुळे कोरलेली चकती. ते विवर्तनाने प्रकाश एकवटते. न-व्या वर्तुळाची त्रिज्या काढण्यासाठी न, तरंगलांबी आणि नाभीय अंतर यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्यावे. तरंगलांबी ५०० नॅनोमीटर व नाभीय अंतर १० सेंटिमीटर घेतल्यास पहिली त्रिज्या ०.२२ मिलिमीटर येते. आता याच चकतीवर ६२५ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश टाका. त्याची नाभी ८ सेंटिमीटरवरच पडते! साध्या भिंगात तांबड्याची नाभी किंचित दूर असते. येथे ती चांगली २ सेंटिमीटर अलीकडे आली. म्हणजे नुसत्या वर्तुळांनी भागत नाही.

तोड आहे ती जाडीत. अपवर्तनांक १.५ असलेल्या पदार्थाचा १ मायक्रॉन उंच थर ५०० नॅनोमीटरच्या प्रकाशाला बरोबर एक लहर मागे टाकतो, आणि पूर्ण एक लहर मागे पडणे म्हणजे मुळीच न पडल्यासारखे. तांबडा मात्र ०.८ लहर मागे पडतो. उंची २, ३, ४ मायक्रॉन केली, तर पूर्ण लहरी सोडून तांबड्याची बाकी ०.६, ०.४, ०.२ अशी उरते. पहिल्या रंगाला काहीच फरक कळत नाही. (रंगागणिक अपवर्तनांक थोडा बदलतो, ते येथे सोडून दिले आहे.) दोन्ही रंगांना वेगवेगळ्या सूचना देण्याची सोय झाली ती अशी.

मग चकतीचे बारीक चौकोन पाडून संगणक प्रत्येकाची उंची बदलून पाहतो, नाभीपाशी प्रकाश कसा पडेल याचे गणित करतो आणि सुधारणा झाली तरच बदल ठेवतो. बांगडीसाठी तांबड्या प्रकाशाची पिछाडी चक्री जिन्याप्रमाणे एका फेऱ्यात एक लहर वाढवितात. समोरासमोरचे किरण मध्यावर अर्ध्या लहरीच्या फरकाने भेटतात, म्हणून तेथे अंधार होतो. तिसरा रंग घेतला की उंचीच्या अधिक पायऱ्या लागतात, आणि मायक्रॉनभर रुंद चौकोन त्याच्या कित्येक पट उंच, तोही सरळ कडांचा, कोरणे हे गणितापेक्षा अवघड काम आहे.