खोकला अंगावर काढू नकोस

अगं, काल फोनवर तुझा खोकला थांबत नव्हता आणि वर मलाच म्हणतेस, “ताई, या दिवसांत असं व्हायचंच.” दम लागणं व्हायचंच, हे मान्य. पोट वाढतं तसं श्वासपटल वर सरकतं, आणि शरीराला ऑक्सिजन मात्र नेहमीपेक्षा साधारण 20 टक्के जास्त लागतो. गरज वाढलेली, शिल्लक कमी. अशात सर्दी छातीत उतरली तर न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही. 2009 च्या स्वाइन फ्लूत पुण्यात केवढी घबराट होती, आठवतंय ना? तेव्हा जगभर गरोदर बायकांना तो आजार इतरांपेक्षा जड गेला होता.

फ्लूचा विषाणू सहसा बाळापर्यंत जात नाही. पण आईचा चढता ताप आणि तिला कमी पडणारा ऑक्सिजन बाळाला सोसावा लागतोच. मग दिवस भरायच्या आधी कळा येतात, नाहीतर बाळाचं वजन कमी भरतं. म्हणून ताप आला की डॉक्टरांना कळव. पॅरासिटामॉल चालतं, आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नकोस. फ्लूचं औषध लिहून दिलं तर ते लगेच सुरू कर. पहिल्या दोन दिवसांत त्याचा गुण जास्त. सासूबाईंचा आल्याचा चहा खुशाल घे, पण ज्येष्ठमधाचा काढा रोज नको. बोलताना वाक्य पुरं होईना, छातीत दुखलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजता उठवलंस तर नवरा काही झिजत नाही!

बरी झालीस की फ्लूच्या लशीचं विचार. गरोदरपणात ती घेता येते. आणि खरं सांगू, ती तुझ्याइतकीच बाळासाठी असते. सहा महिन्यांच्या आत बाळाला फ्लूची लस देतच नाहीत. तोवर तुझ्याकडून वारेतून गेलेली प्रतिकारशक्तीच त्याच्या कामी येते. डांग्या खोकल्याच्या लशीचंही तसंच. ती सातव्या-आठव्या महिन्यात घेतात.

बाळंतपणानंतर सर्दी झाली तरी दूध तोडू नकोस. हात धू, मास्क लाव आणि पाज. तान्हं बाळ आजारी पडलं की खोकेलच असं नाही. नुसतं दूध ओढेनासं होतं, मलूल पडतं. शांत झोपलेलं असताना मिनिटभर श्वास मोजायचे. 60 च्या वर गेले किंवा बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, तर थेट दवाखाना.

आणि ती ओवा-वावडिंगाची धुरी! शेक घे, मालिश करून घे, पण बाळाच्या खोलीत धूर नको. बारशाला शिंकत आलेल्या मावश्या-आत्यांनी पाळणा लांबूनच बघायचा. कुणी रुसलंच तर माझं नाव सांग; तसंही मी घरात आगाऊच ठरलेय.